शब्दकोड्यातील सूचना आणि शब्दांचे अनेक अर्थ

महोदय,

मराठी दैनिकांतील शब्दकोडी मी नेमाने सोडवतो. अलीकडे त्यांतील बहुतेक सूचना ‘एका शब्दाला एक समानार्थी शब्द’ एवढ्यावरच थांबतात, याची मनापासून खंत वाटते. शब्दकोड्याची खरी गोडी शब्दाच्या अनेक अर्थांत आहे. ‘सरकारी देणे’ अशी दोन अक्षरी उत्तराची सूचना आली, तर ‘कर’ आणि ‘सारा’ दोन्ही बसतात आणि उभ्या शब्दातून पहिले अक्षर ‘क’ मिळेपर्यंत निर्णय लांबणीवर टाकावा लागतो. पण तीच सूचना ‘सरकारला द्यायचा, सूर्याचा आणि आपलाही’ अशी दिली, तर देणे, किरण आणि हात या तीन अर्थांचा मेळ घालत सोडवणारा स्वतःच ‘कर’पर्यंत पोहोचतो. ‘नदीला असते, नाटकात असते आणि स्वयंपाकघरातही’ यावरून ‘पात्र’ सापडण्यातला आनंद निव्वळ ‘भांडे’ या सूचनेत नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अशा शब्दांचे निरनिराळे अर्थ हाताशी आहेत, रचनाकारांनी त्याचा उपयोग जरूर करावा.

आणखी एक विनंती आहे. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेऊ नये. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. एकाच चौकटीत ‘दि’ आणि ‘दी’ दोन्ही चालवून घेतले, तर अर्थावरून उत्तर शोधणाऱ्याची सारी मेहनत वाया जाते.

– एक वाचक, पुणे