काजूच्या जुन्या भट्टीसाठी ग्रामस्थ व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयामागील, काजूच्या बोंडूंच्या रसापासून हुर्राक व फेणी ही मद्ये गाळणाऱ्या जुन्या भट्टीची पश्चिमेकडील भिंत गेल्या पावसाळ्यात खचली असून, मिरगापूर्वी छप्पर उतरवून नव्याने न घातल्यास उरलेल्या भिंतीही जातील, म्हणून हे निवेदन घाईने करावे लागत आहे.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत रुजला आणि त्याच्या बोंडूंवर (बीला जोडलेल्या रसाळ फळांवर) आपल्या गावाचा उन्हाळा चालू लागला. ही भट्टी प्रथम भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, होती. पुढे ती त्यांच्याकडेच गाळप करणाऱ्या कुटुंबाने घेतली, त्यांच्याकडून ती वाळपईच्या एका व्यापाऱ्याकडे गेली आणि अखेर त्याच्या वारसांनी एक पैसाही न घेता ती वाचनालयाच्या स्वाधीन केली. मालकांपेक्षा हंगामाचे धनी अधिक वेळा बदलले, कारण काजूच्या क्षेत्रांचा लिलाव अबकारी खाते करते आणि बोली जिंकणाऱ्याला गाळपाचा हक्क मिळतो. कोळमीत, म्हणजे बोंडू मळण्याच्या कुंडीत, उतरून पायांनी बोंडू मळणारी घरे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. हुर्राकाच्या, म्हणजे पहिल्या गाळपाच्या मद्याच्या, प्रत्येक भरलेल्या गराफावासाठी (काचेच्या मोठ्या बाटलीसाठी) त्यांनी भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा अजून मोजता येतात, आणि तांब्याच्या भांड्याला जागोजागी लावलेली ठिगळेही तशीच आहेत. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ती जिथे गाळली गेली त्या जागा मात्र ढासळत आहेत, हे पाहवत नाही.

वाचनालयाची इमारत उभी राहिली ती ज्या माताभगिनींनी चतुर्थीच्या खर्चातून बाजूला काढलेले पैसे आणून दिले त्यांच्यामुळे, ज्या सुतारांनी मजुरी न घेता फणसाच्या लाकडाची कपाटे करून दिली त्यांच्यामुळे, आणि मुंबईला राहूनही दर शिगम्याला ग्रंथांची पेटी घेऊन येणाऱ्या आपल्या गावकऱ्यांमुळे. त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच, गेल्या चतुर्थीला घरोघरी पत्रके देऊनही मोजक्याच मंडळींनी प्रतिसाद दिला, याचे वाईट वाटले, हे मोकळेपणाने सांगतो.

रोख देणगी यथाशक्ती द्यावी, पावती त्वरित मिळेल. चिरे, मंगळुरी कौले, वासे किंवा दोन दिवसांचे श्रमदानही चालेल. जुन्या पावत्या, लिलावाचे कागद, छायाचित्रे असल्यास प्रत काढून परत करू. वाचनालय सायंकाळी 5 ते 7 उघडे असते, सोमवारी बंद. काम अक्षय्य तृतीयेनंतर लगेच सुरू होईल.

आपला नम्र,
चिटणीस, ग्रामवाचनालय