‘ऑटोमॅटिक’च्या आधीचे दोन दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनवर लेख आला होता. लेख छान उतरला होता, पण एका वाक्यापाशी मी थबकलो. ‘या यंत्राला फक्त हुकूम सोडायचा, कोणतं हत्यार कधी घ्यायचं ते त्याचं तेच बघतं.’ गेली अठ्ठावीस वर्षं मी या मशीनांचे टूल चेंजर, म्हणजे टूल (हत्यार) आपोआप बदलणारे भाग, बसवतोय आणि बिघडले की दुरुस्त करतोय. त्याचं तेच बघतं हे खरं. मात्र बघायचं कुठे, हे त्याला आधी कुणीतरी दाखवून ठेवलेलं असतं, आणि त्यासाठी तो माणूस दोन दिवस पत्रे काढलेल्या मशीनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. लेखात तो कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र.

लेखात हे तंत्र नवं म्हटलंय, तेही बरोबर नाही. अमेरिकेतल्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीचं मिलवॉकी-मॅटिक हे स्वतः टूल बदलणारं मशीन १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलं. म्हणजे वयाने ते माझ्यापेक्षा थोरलंच.

काम काय असतं ते सांगतो. स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरणारा दांडा. उभ्या स्पिंडलच्या मशीनला बाजूला मॅगझिन असतं, त्यात वीस किंवा चोवीस पॉट, म्हणजे टूल ठेवायची घरं. प्रोग्रॅममध्ये एम ६, म्हणजे टूल बदलायचा हुकूम, आला की स्पिंडल ठरलेल्या उंचीवर जाऊन ठरलेल्या कोनात थांबतो. हव्या असलेल्या टूलचा पॉट खाली झुकतो. दोन्ही टोकांना बोटं असलेला आर्म फिरून एका हाताने स्पिंडलमधलं आणि दुसऱ्याने पॉटमधलं टूल धरतो. वरून ड्रॉबार (स्पिंडलच्या आतला, टूल ओढून धरणारा दांडा) पकड सोडतो, आर्म खाली उतरतो, अर्धा फेरा मारतो, वर चढतो, ड्रॉबार नव्या टूलची पकड घेतो आणि आर्म आपल्या जागी परत जातो. हे सगळं दोनेक सेकंदांत. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, ‘पुन्हा एकदा करून दाखवा.’

या दोन सेकंदांत उंची, कोन आणि केंद्र या तिन्ही गोष्टी जुळलेल्या लागतात. पण त्याही आधी लेव्हल. मीटरला दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी लेव्हल टेबलावर ठेवून मशीन सपाट केल्याशिवाय मी आर्मच्या बोल्टला पाना लावत नाही. पायांचे बोल्ट नंतर आवळले की कॉलम किंचित पिळतो आणि आदल्या दिवशीची मेहनत वाया जाते. हे मी एकदा करून शिकलोय.

उंचीचं गणित सोपं वाटतं. टूल ज्यात बसवतात त्या होल्डरच्या कॉलरला गोल खाच असते, आर्मची बोटं तिच्यात सरकली पाहिजेत. मी मोटरच्या शेंड्याला पाना लावून आर्म हाताने फिरवतो, बोटं खाचेत अर्धवट शिरली की थांबतो आणि वरून-खालून फट पाहतो. मग हँडलने स्पिंडल शतांश-शतांश वरखाली करत आर्म कुठेही न घासता शिरेल ती जागा शोधायची. तो आकडा कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरा रेफरन्स पॉइंट म्हणून भरायचा. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर तो १२४१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये जातो. स्पिंडल थंड असताना घेतलेला आकडा आणि दोन तास फिरवून गरम केल्यावर घेतलेला आकडा एकच येत नाही, कारण तापला की तो वाढतो. मी गरम स्पिंडलवर पुन्हा पाहतो. घाईत असलेले मालक नेमके याच वेळी विचारतात, ‘आता काय राहिलंय?’

कोनाचं काम मला सर्वांत आवडतं. स्पिंडलच्या तोंडाला समोरासमोर दोन ‘की’ (बाहेर आलेले ठोकळे) असतात आणि होल्डरच्या कॉलरमध्ये त्यांच्यासाठी दोन खाचा. चाळीस नंबरच्या, बीटी प्रकारच्या होल्डरला खाच १६.१ मिलिमीटर रुंद असते, आणि की तिच्यापेक्षा दोन-तीन दशांशच कमी. आर्म टूल घेऊन वर येतो तेव्हा की बरोबर खाचेसमोर असायला हवी. फॅनकवर याचा पॅरामीटर ४०७७. स्पिंडलच्या एका फेऱ्याचे ४०९६ भाग, म्हणजे एक काउंट साधारण ०.०८८ अंशाचा. होल्डरची कॉलर ६३ मिलिमीटर व्यासाची, तेव्हा तिच्या कडेवर एक काउंट अर्ध्या दशांशाच्या जवळपास पडतो. चार-पाच काउंट चुकले तरी मशीन चालतं, अलार्मही येत नाही. फक्त प्रत्येक बदलाला कीची एक कड थोडीशी खरडते. सहा महिन्यांनी होल्डर काढून पाहिले की सगळ्यांच्या खाचा एकाच बाजूला चकचकीत झालेल्या दिसतात. नव्या जागी गेलो की मॅन्युअल मागण्याआधी मी होल्डरच्या खाचा बघतो.

केंद्रासाठी अलाइनमेंटचे तुकडे मिळतात: एक स्पिंडलमध्ये, एक आर्ममध्ये आणि दोघांतून जाणारी पिन. पिन बोटांनी ढकलून आत गेली पाहिजे. हातोडी मागितली की समजायचं, बोल्ट पुन्हा सैल करायचे.

आता ड्रॉबार. टूल स्पिंडलच्या ७/२४ टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) बसतं आणि त्याच्या डोक्यावरचा पुल स्टड (आट्यांनी बसवलेली गुंडी) डिस्क स्प्रिंगांच्या जोराने वर ओढून धरलेला असतो. चाळीस नंबरला ही ओढ साधारण टनाच्या घरातली. हवेच्या जोरावर सिलिंडर त्या स्प्रिंगा दाबतो आणि शेवटी टूलला खाली एक बारीक धक्का देतो, काही दशांशांचा. तो नसेल तर टेपरला चिकटलेलं टूल आर्म ओढत राहतो. जास्त असेल तर टूल आर्मच्या बोटांवर आदळतं. डायल लावून हा धक्का मोजणारे सेटर मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो. पुल स्टडही वेगवेगळ्या कोनांचे असतात, ४५, ६० आणि ९० अंशांचे. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. एकाच मॅगझिनमध्ये दोन प्रकारचे स्टड मला एकदा सापडले. विचारलं तर उत्तर आलं, ‘आटे तर बसले ना!’

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो. आर्म जुळवला, रिकाम्या होल्डरवर पन्नास फेऱ्या मारल्या, सगळं लोण्यासारखं चाललं. सही घेतली. मी हात पुसत असतानाच ऑपरेटरने मोठा, जड फेस मिल कटर चढवला. आर्मच्या एका टोकाला ते वजन आणि दुसरं टोक रिकामं. बोटात टूल अडवणारी स्प्रिंगची पिन अर्धवट बसली होती, हलक्या होल्डरला तेवढी पुरली. कटर सुटला आणि टेबलावर पडला. कुणाला लागलं नाही, पण टेबलावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडला. ते टेबल वापरात असेल तर खड्डाही असेल. तेव्हापासून सेटिंग होईपर्यंत टेबलावर लाकडी फळी ठेवतो आणि शेवटच्या शंभर फेऱ्या त्या मशीनला चालणाऱ्या सर्वांत जड टूलवर मारतो. चाळीस नंबरच्या बहुतेक मशीनांना सात-आठ किलोंची मर्यादा असते, ती पाटीवर लिहिलेली असते. पाटी वाचावी.

दुसरी गोष्ट बॅटरीची. अक्षांच्या एन्कोडरना (जागा मोजणाऱ्या भागांना) त्यांची जागा लक्षात राहावी म्हणून बॅटरी असते आणि ती कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. एका कारखान्यात मुलाने मेन स्विच बंद करून बदलली. त्याचंही चूक म्हणवत नाही. विजेचं काम मेन बंद करून करावं, असंच तर आपण शिकवतो. झिरो, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, गेला. त्याने कॉलमवरच्या जुन्या रेघेला रेघ जुळवून नवा झिरो घेतला आणि काम सुरू केलं. फरक सहा दशांशांचा पडला. झिरो सरकला की त्यावरून मोजलेली टूल चेंजची उंचीही तेवढीच सरकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस प्रत्येक बदलाला ‘टक’ असा आवाज येत राहिला. पाचव्या दिवशी आर्मच्या बोटाचा टवका उडाला आणि मला बोलावणं आलं. मी आवाजाचं विचारलं तर तो म्हणाला, ‘काका, ती आधीपासूनच अशी वाजते.’ आधीपासून म्हणजे सोमवारपासून.

लेखात म्हटलंय की मशीन ‘हवं ते हत्यार ओळखतं’. आर्मच्या मशीनमध्ये पाच नंबरचं टूल काढलं की त्याच्या पॉटमध्ये स्पिंडलमधलं टूल जाऊन बसतं, म्हणून दिवसभरात सगळ्यांची घरं बदलतात. कोण कुठे आहे याची यादी कंट्रोलच्या मेमरीत असते. मशीनला टूल दिसत नाही, फक्त यादी दिसते. अलार्म आल्यावर कुणी हाताने टूल काढून ‘त्याच्या’ पॉटमध्ये ठेवून दिलं की यादी खोटी ठरते. मग ड्रिलच्या जागी आटे पाडणारा टॅप येतो आणि ड्रिलच्या वेगाने फिरत अखंड लोखंडात उतरतो. पुढचं सांगत नाही.

माझं मागणं फार नाही. मशीन आलं की पहिले दोन दिवस टूल चेंजर बसवणाऱ्याला द्या आणि संध्याकाळपर्यंत पहिला जॉब मागू नका. तो काम करत असताना आपल्या कारखान्यातला एक माणूस त्याच्या शेजारी उभा करा. चहा देण्यापुरता नको, पाना धरायला. जायच्या आधी त्याच्याकडून टूल चेंजच्या उंचीचा आणि स्पिंडलच्या कोनाचा आकडा, हवेचा दाब आणि बॅटरी बदलल्याची तारीख कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. वरच्या त्या कारखान्यात असा कागद असता, तर काम अर्ध्या तासाचं होतं. प्रशिक्षण देणाऱ्यांनाही सांगणं आहे: मुलांना जी कोड, एम कोड हे मशीनचे हुकूम पाठ असतात, पण एम १९ मुळे स्पिंडल नेमका कशासाठी थांबतो हे विचारलं की वर्ग गप्प होतो. एकदा पत्रा काढून दाखवा. हाताने आर्म फिरवलेला मुलगा ते विसरत नाही.

आपला एक वाचक
(टूल चेंजर बसवणारा फिटर)

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्रात ‘बदलीसाठी सज्ज हत्यार’ अशी ओळ आहे. त्या होल्डरला मागे पुल स्टडच लावलेला नाही. सज्ज आहे खरा, पण ड्रॉबारने त्याला धरायचं तरी कुठे?