‘डेल्टा’ हे नाव एक, कारणे तीन

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत ग्रीक अक्षरांची ओळख करून देणारे टिपण वाचले. ‘डेल्टा म्हणजे नदीच्या मुखाशी असलेला त्रिभुज प्रदेश, आणि त्या आकारावरूनच हे नाव सगळीकडे रूढ झाले’ असे त्यात एका ओळीत म्हटले आहे. हायस्कुलात अनेक वर्षे भूगोल शिकवल्यामुळे हे विधान मला अपुरे वाटले, आणि त्यातून मुलांच्या मनात चुकीची समजूत पक्की होईल या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतील चौथे अक्षर. मोठ्या लिपीत ते त्रिकोणासारखे काढतात, म्हणून नाईल नदीच्या मुखाकडील गाळाच्या प्रदेशाला ग्रीकांनी ते नाव दिले. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या लेखनात ते आढळते. आजच्या नकाशात मात्र हा त्रिकोण उलटा दिसतो, टोक खाली कैरोकडे आणि पाया वर भूमध्य समुद्रावर, त्यामुळे फळ्यावर काढलेले अक्षर आणि भिंतीवरचा नकाशा जुळवताना मुले हमखास अडत. त्यातही खान्देशातल्या मुलांची अडचण अशी की, ज्या तापीच्या काठी ती वाढतात तिला त्रिभुज प्रदेशच नाही. मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेपुढे समुद्राला मिळते. पण खंबायतच्या आखातातील जोरदार भरती-ओहोटी तिचा गाळ मुखाशी साचू देत नाही, म्हणून तेथे खाडी आहे. त्रिभुज प्रदेश दाखवायचा तर गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडे बोट न्यावे लागते.

तरीही हा शब्द आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी रोज असतो, तो मोठी मोटार सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमुळे. माझ्या पुतण्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि केळीला पाणी देणाऱ्या मोठ्या मोटारी तेथे दुरुस्तीला येतात. अशा मोटारीच्या जोडपेटीचे झाकण उघडले की तीन वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची, सहा टोके दोन ओळींत दिसतात. एका ओळीतली तिन्ही टोके पितळी पट्ट्यांनी एकत्र बांधली की स्टार होतो, आणि पट्ट्या उभ्या लावून एका वाइंडिंगचे टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडले की बंद त्रिकोण, म्हणजे डेल्टा. सुरुवातीला स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट मिळतात, लाइनवरून ओढला जाणारा प्रवाह थेट डेल्टात चालू करण्याच्या एक-तृतीयांश राहतो, आणि मोटारीने वेग घेतला की स्टार्टर तिला डेल्टावर टाकतो. त्रिकोणाचा अर्थ मुलांना समजावण्यासाठी माझ्या मते नाईलपेक्षा ही जोडपेटी अधिक जवळची आहे. खांद्याच्या त्रिकोणी स्नायूला डेल्टॉइड म्हणतात, तेही आकारावरूनच.

पण येथे आकाराची वाट संपते. गणितात आणि भौतिकशास्त्रात एखाद्या राशीतील बदल दाखवायला तिच्या आधी हेच चिन्ह लिहितात, तेथे त्रिकोणाचा काही संबंध नाही. ‘फरक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे ते आद्याक्षर, अशी त्याची उपपत्ती दिली जाते.

तिसरे कारण केवळ क्रमाचे आहे, आणि टिपणात नेमका त्याचाच उल्लेख नाही. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या उत्परिवर्तित प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला तो अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलशी जोडलेला गॅमा आणि भारतात प्रथम आढळलेला तो डेल्टा. कोणत्याही देशाच्या किंवा गावाच्या माथी रोगाचा ठपका बसू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो अगदी योग्य होता. परंतु त्या चार अक्षरांपैकी डेल्टा हे एकच असे, जे आपल्या शाळांमध्ये भूप्रदेशाचे नाव म्हणून शिकवले जाते. त्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आजींनी मला फार काळजीने विचारले होते, ‘भाऊ, हा आजार गंगेच्या मुखाकडून आला का? माझी नात तिकडे दिली आहे.’ त्यांच्या नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी तो शब्द ऐकला होता. विषाणूचे हे नाव चौथ्या क्रमाचे आहे, त्यात नदीही नाही आणि गावही नाही, हे सांगितल्यावर त्यांच्या जिवाला स्वस्थता आली.

म्हणून विनंती अशी की, पुरवणीच्या पुढच्या अंकात आकार, आद्याक्षर आणि क्रम ही तिन्ही कारणे वेगवेगळी सांगणारी दुरुस्ती द्यावी. तसेच बातमीत हा शब्द येईल तेव्हा नदीसाठी ‘त्रिभुज प्रदेश’ आणि विषाणूसाठी ‘डेल्टा प्रकार’ असे पूर्ण छापावे. शीर्षकात सुटे ‘डेल्टा’ ठेवू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव