रंकाळ्यावरची टोपी

क्लीव्हलँड, ओहायो
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

इथल्या 'क्लीव्हलँड इंडियन्स' या बेसबॉल टीमचं नाव बदललं त्यावरून रविवारी तुम्ही विचारलंत, "टीमचं नाव बदलून कुणाचं काय भलं झालं?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं.

रंकाळ्यावर फिरायला जाताना तुम्ही घालता ती निळी टोपी मी २०१६ साली पाठवली होती. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना इथेच झाला, मध्येच पाऊस, आणि दहाव्या इनिंगला आम्ही शिकागोकडून ८-७ असे हरलो. तेव्हा गावभर तीच टोपी होती. लालभडक तोंड, बत्तिशी दाखवणारं, डोक्यात एक पीस. त्याला चीफ वाहू म्हणायचे. मला तो इथल्या मूळ रहिवाशांचा मान वाटायचा. शिवाय नावात 'इंडियन्स', म्हणजे आपलंच काहीतरी! चूक कोलंबसाची, पण ती त्यांच्या माथी बसली आणि मी उगाच खूश.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला गेलो. स्टेडियमबाहेर दरवर्षीप्रमाणे काही मूळ रहिवासी फलक घेऊन उभे होते. कुणी मला काही बोललं नाही. एका बाईनं माझ्या टोपीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. शेजारी तिचा पाच-सहा वर्षांचा पोरगा. टोपीवरचं ते तोंड म्हणे त्याचं! टोपी काढून खिशात कोंबली. सामना मात्र पूर्ण बघितला, खोटं कशाला सांगू.

ते चित्र २०१८च्या हंगामानंतर गणवेशावरून गेलं. १९१५ पासूनचं नाव २०२१च्या हंगामाबरोबर संपलं. आता 'गार्डियन्स'. स्टेडियमजवळच्या १९३२च्या पुलावर दगडी रक्षक आहेत, हातात गाड्या धरलेले, त्यांच्यावरून. वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमचं नाव तर चक्क 'रेडस्किन्स', म्हणजे मूळ रहिवाशांना दिलेली शिवीच. तिथला मालक वर्षानुवर्षं बधला नाही. २०२०मध्ये प्रायोजकांनी डोळे वटारले तेव्हा कुठे हलला.

सगळीच नावं पुसा असं माझं म्हणणं नाही. फ्लोरिडाच्या एका विद्यापीठाची टीम 'सेमिनोल्स' आहे, आणि तिथल्या सेमिनोल जमातीची त्याला संमती आहे. इथे कुणी कुणाला विचारलं होतं?

आता तुमचा प्रश्न. भलं म्हणाल तर जमीन कुणालाच परत मिळाली नाही. 'ओहायो' हा शब्दही त्यांचाच, पण १८४३मध्ये वायंडॉट जमातीचे शेवटचे लोक इथून हलवले गेले, आणि आज या राज्यात केंद्र सरकारची मान्यता असलेली एकही जमात नाही. नाव बदलल्यानं त्यातलं काही फिरत नाही. पण त्या पोराला सामन्याला जाताना आता दर चौथ्या डोक्यावर स्वतःची टिंगल दिसत नाही. मला एवढं पुरेसं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत, तर दिवाळीत फोनवर भांडू.

नवी टोपी पाठवतोय, तिच्यावर नुसतं 'सी' अक्षर आहे. जुनी टाकू नका, कापड चांगलं आहे. वरचं तोंड भरतकामाचं आहे, आईला उसवायला सांगा. रानात उन्हाला होईल.

आपला,
बाळू