पेन्सिलीच्या एका रेघेबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात तुम्ही माझ्यासाठी अख्खा रविवार घालवलात, त्याबद्दल फोनवर आभार मानून झाले होते. पण डेव्हिड थॉमस या जुन्या लोखंड भट्टीवाल्यावरच्या ज्या टिपणासाठी तो खटाटोप होता ते आमच्या उद्यमनगरातल्या निवृत्त फौंड्रीवाल्यांसमोर वाचून दाखवल्यावर लक्षात आले की, मंडळींनी ज्या ज्या जागी दाद दिली त्या बहुतेक तुमच्या होत्या. तेव्हा आभारही चारचौघांत मानलेले बरे, म्हणून हे पत्र उघडे लिहितो आहे.

मुलाकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला आलो तेव्हा माझ्या वहीत एक ठसठशीत वाक्य होते: अमेरिकेत अँथ्रसाइट या कठीण, सहज न पेटणाऱ्या दगडी कोळशावर लोखंड गाळणारा पहिला माणूस म्हणजे वेल्सहून आलेला डेव्हिड थॉमस. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलेत आणि ‘पहिला’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत. मॉच चंक आणि पॉट्सव्हिल येथे त्यांच्या आधी अशा भट्ट्या पेटल्या होत्या आणि काही काळ चालून बंद पडल्या होत्या. थॉमस यांची चालत राहिली आणि धंद्याला परवडली, एवढेच खात्रीने म्हणता येते, हे तुम्ही समजावलेत. फौंड्रीत जन्म काढून पहिल्या ओतणीचे कौतुक कसले करता, असा टोमणाही मारलात. तो लागला, आणि लागायलाच हवा होता.

मग गाडीत बसवून तुम्ही मला थॉमस यांच्या भट्टीच्या गावी, कॅटासॉक्वाला नेलेत आणि वाटेत तो माणूस उलगडून सांगितलात. 1794 साली वेल्समधल्या नीथजवळ एका शेतकऱ्याच्या घरी जन्म, बेताचे शिक्षण, सतराव्या वर्षी नीथ ॲबीच्या लोखंड कारखान्यात फिटिंगचे काम आणि 1817 पासून इनिस्केड्विनच्या भट्ट्यांची देखरेख. त्या भट्ट्यांच्या भोवताली अँथ्रसाइट हवा तेवढा होता, पण भट्टीत घातला की थंड वाऱ्याने तो पेटण्याऐवजी विझे. एका रात्री मालक जॉर्ज क्रेन यांच्यासमोर शेगडीतल्या अँथ्रसाइटवर थॉमस हातभात्याने वारा घालत होते. आग विझेल, असे क्रेन म्हणाले, तेव्हा स्कॉटलंडच्या नीलसन यांच्यासारखा तापवलेला वारा मिळाला तर हाच कोळसा देवदाराच्या ढलपीसारखा जळेल, असे उत्तर थॉमस यांनी दिले. ते स्कॉटलंडला जाऊन आले, वारा तापवण्याची भट्टी बांधली, आणि 1837 च्या फेब्रुवारीत अँथ्रसाइटवर बीड, म्हणजे वितळलेले कच्चे लोखंड, वाहू लागले. पेटंट मात्र 1836 सालीच क्रेन यांच्या नावाने झाले होते. आमच्या सभेत या वाक्याला जो हशा पिकला त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. साचा मोल्डरचा आणि पाटी मालकाची, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

थॉमस यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीशी झालेल्या कराराची कलमे तुम्ही तोंडपाठ म्हणून दाखवलीत. पहिली भट्टी पेटेपर्यंत वर्षाला 200 पौंड, पुढे प्रत्येक भट्टीमागे 50 पौंडांची वाढ, आणि प्रयोग फसला तर कुटुंबासह वेल्सला परतण्याचा खर्च कंपनीचा. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस बायकामुलांना घेऊन समुद्र ओलांडताना परतीचे भाडे कागदावर घालून घेतो, यातला शहाणपणा आणि धास्ती दोन्ही मला कळली. 1839 च्या उन्हाळ्यात ते पोहोचले खरे, पण भट्टीत वारा फुंकणाऱ्या यंत्राचे सिलिंडर जहाजाच्या तोंडातून आत जाईनात, म्हणून इंग्लंडच्या बंदरातच राहिले. एवढा मोठा सिलिंडर तासून देणारे यंत्र अमेरिकेत नव्हते. फिलाडेल्फियाच्या एका कारखान्याने आपले यंत्र वाढवून ते काम केले. आमच्याकडचे एक ऐंशी वर्षांचे टर्नर एवढ्याच मजकुरावर अर्धा तास बोलले!

3 जुलै 1840 रोजी भट्टीत वारा सोडला आणि दुसऱ्या दिवशी पहिले बीड निघाले. पुढच्या जानेवारीत लीहाय नदीला पूर आला आणि तीच भट्टी पाण्याने विझली. तुम्ही नदीकाठी उभे राहून हे सांगत होतात तेव्हा मला 2019 चा पंचगंगेचा पूर आणि चिखलाने भरलेले आमचे साचे आठवत होते. थॉमस यांनी पुन्हा पेटवली, आणखी भट्ट्या उभारल्या, 1854 साली होकेंडॉक्वाला स्वतःच्या नावाची कंपनी निघाली आणि 1871 मध्ये अमेरिकेतल्या खाण अभियंत्यांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. हा भाग मी सभेत भराभर वाचला. यशाच्या याद्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

पण एक गोष्ट तुम्ही अगदी शेवटी सांगितलीत. कॅटासॉक्वाचे आधीचे नाव क्रेनव्हिल होते आणि कंपनीच्या नावातही क्रेनच होते, तेही वेल्समध्येच राहिलेल्या मालकाच्या मानार्थ. जो माणूस तिथे राहिला, गावाचा पहिला नगराध्यक्ष झाला आणि 20 जून 1882 रोजी 87 व्या वर्षी त्याच गावात वारला, त्याचे नाव गावाला लागले नाही. फेअरव्ह्यू दफनभूमीत, तुमचे गुडघे दुखत असताना, छत्रीच्या टोकाने ओली पाने बाजूला सारत तुम्ही हे बोललात आणि मग बराच वेळ गप्प राहिलात. चाळीस वर्षे परदेशी कारखान्यात काढलेल्या माणसाला त्या वेळी काय आठवत असेल, हे मी विचारले नाही. वाचनात मात्र तो प्रसंग जसाच्या तसा ठेवला.

टिपणाची सुधारलेली प्रत सोबत आहे. ‘पहिला’ खोडून ‘टिकलेला’ केले आहे. तुमची पेन्सिल माझ्या वहीतून इकडे आली. मुलगा जानेवारीत येऊन परत जाईल तेव्हा कांदालसूण चटणीबरोबर पाठवतो.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक निवृत्त फौंड्रीवाला