फ्रीजवाल्या काकाजींना खुलं पत्र

काकाजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. नाव-गाव लिहू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून वरोरा-चिमूर रस्त्यावरचं एक दुकान, एवढंच लिहिते. दुकान तरी कसलं? टिनाची शेड, पोट उघडून ठेवलेले पाच-सहा कुलर आणि एक खाट.

आमची मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, पाहायला आलेला प्रत्येक जण विचारतो, फ्रीज कोणाकडून बसवून घेतला? मी सांगते, मीच बसवला. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इथं लिहिते.

मे महिना होता. ताडोब्याहून परत निघालो तेव्हा फ्रीजमधला थर्मामीटर 19 दाखवत होता. आत यांचं इन्सुलिन, ज्याला 2 ते 8 अंश लागतात. बर्नरची ज्योत निळी होती, सिलिंडर भरलेला होता, तरी गारवा नाही. आदल्या दिवशी एकानं साडेतीन हजारांत "गॅस भरून देतो" म्हटलं होतं आणि खरं सांगते, मी पैसे काढलेही होते. तो जेवायला गेला आणि परत आलाच नाही. वाचले.

तुम्ही बाहेरून खालची जाळी काढली, वाकलात आणि एकदम मागं सरकलात. "अमोनिया हाय बाई." तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. मग टॉर्च मारून नळीवरची पिवळी भुकटी दाखवलीत. "याले गॅस भरत नसते. हे मेलं."

तोवर मला एवढंच माहीत होतं, की हा फ्रीज सिलिंडरवर चालतो. यात कॉम्प्रेसरच नसतो, ज्योतीनं अमोनियाचं पाणी तापतं आणि त्यातून थंडी तयार होते, अमोनिया, पाणी, हायड्रोजन सगळं कारखान्यातच नळ्यांत कायमचं बंद केलेलं असतं, हे तुम्ही खाटेवर बसून समजावलंत. मग मागची पाटी मला वाचायला लावलीत. वर्ग 'टी', म्हणजे 43 अंशांपर्यंतच्या हवेसाठी. तुम्ही हसलात. "आन् आपल्याकडं 45 म्हणजे काय, रोजचंच." तो फुटला नसता तरी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, त्यानं दम टाकलाच असता.

नागपूरहून नवा, बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज यायला सहा दिवस लागले. तेवढे दिवस आमची गाडी तुमच्या कडुनिंबाखाली आणि इन्सुलिन काकूंच्या फ्रीजमध्ये. मी सांगायच्या आधीच काकूंनी ते बर्फाच्या कप्प्यापासून लांब, दारात ठेवलं होतं. गोठलं की वाया जातं, हे त्यांना बहिणीमुळं ठाऊक. काकू, तुमच्या आंबिलीबद्दल वेगळं पत्र लिहायला हवं.

आणि मग ते दोन दिवस! मला वाटलं होतं, तुम्ही काम कराल आणि मी पाने देईन. झालं उलटंच. "हात तुमचे लावा. जंगलात बंद पडला तर मी येऊ काय?" त्या वेळी राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

सिलिंडर बंद करून जुनी नळी सोडवली. फ्रीजकडं जाणाऱ्या फाट्याला पितळी टोपण घट्ट बसवलं. साबणाचा फेस लावून मी "झालं" म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, अजून पाहा. दुसऱ्यांदा बारीक बुडबुडा दिसला. तो बुडबुडा मी विसरणार नाही. टोपण काढून पुन्हा बसवलं, पुन्हा फेस लावला, तेव्हा कुठं तुम्ही मान हलवलीत.

जुना फ्रीज गाडीच्या दारातून निघेना, दोन बोटं अडत होता. त्याचं दार बिजागरीतून उतरवलं तेव्हा निघाला. नवा अंगानं बारीक, म्हणून दोन्ही बाजूंना बल्लारशाच्या सागाच्या पट्ट्या ठोकल्या.

सगळ्यात मोठा वाद वायरवरून. जुनी दीड चौरस मिलिमीटरची वायर तिथंच होती, तीच जोडू, म्हटलं मी. पाच अँपिअर तर लागतात! तुम्ही खडूनं फरशीवर हिशेब मांडलात. बॅटरीपासून सात मीटर जाणं, सात मीटर येणं, वाटेतच पाऊण व्होल्टपेक्षा जास्त सांडतो. पहाटे बॅटरी उतरली की फ्रीजला वाटतं बॅटरी संपली आणि तो आपणहून बंद होतो. मग लोक फ्रीजला शिव्या देतात. सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली आणि बॅटरीजवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकला. पाठ मोडली माझी, पण त्या वायरीवर फ्रीज एकदाही आपणहून बंद पडलेला नाही.

"फ्रीज थंडी बनवत नाही, आतली गरमी बाहेर फेकते. तिले वाट द्या." हे तुम्ही किती वेळा म्हणालात! म्हणून खालून हवा आत, मागच्या जाळीला घासून वर बाहेर, अशी वाट मोकळी ठेवली आणि बर्नरच्या धुराचं भोक तेवढं बुजवलं. दुपारी फ्रीजची बाजू पश्चिमेला येणार नाही, अशीच गाडी लावते.

सगळं बसल्यावर मी बटणाकडं हात नेला आणि तुम्ही ओरडलात. प्रवासात आडवा-तिडवा झाला असेल, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू द्या, रातभर उभा राहू द्या. सकाळी सहाला चालू केला. साडेनऊला थर्मामीटर 5 वर. यांनी पेढे आणायला सायकल काढली. तुमचीच.

जुन्याच्या पाठीवर तुम्ही खडूनं लिहिलंत, "गॅस कटर लावू नये". कबाडीवाल्यालाही तीनदा सांगितलंत. पैसे मात्र घेतले नाहीत. वायरीचे तेवढे, तेही बिल दाखवून.

वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबायची तुमची पकड चुकून माझ्या पेटीत आली आहे. तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, घेऊन येते. सागाची एक पट्टी उरली होती, तिचा नातवासाठी बैल करायला घेतला आहे. तीन पाय जमलेत, चौथा आखूड होतोय.

तुमची,
मोटारहोमवाली बाई