रेडिंगहून आईला, नव्या स्वयंपाकघराबद्दल

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. बाबांनाही सांग.

परवा फोनवर तू विचारलंस, किचनमध्ये नक्की काय काय करणार, आणि बोलणं मुंजीच्या याद्यांकडे गेलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. सात हजार पौंड बाजूला काढलेत. रुपयांत गुणाकार करत बसू नकोस, झोप उडेल. इथे सामानापेक्षा मजुरी अंगावर येते. एका दुकानाने सगळं उचकटून नवं बसवायचा अंदाज दिला, तो ऐकून तुझा जावई चहा न पिताच उठला. तेव्हा ठरलं की जे भिंतीच्या आत जातं त्यावर खर्च करायचा आणि चकचकाटावर हात आखडता.

घर १९३० च्या सुमाराचं असलं तरी कपाटं अलीकडची आहेत. सांगाडे १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डचे, अजून ठणठणीत. सिंकखालचं तेवढं पाणी पिऊन फुगलंय, ते नवीन घेऊ. बाकीच्यांची नुसती दारं बदलायची. इथे कपाटांच्या रुंदीची मापं ठरलेली असतात, ३०, ४०, ५०, ६० सेंटिमीटर, त्यामुळे दारं तयार मिळतात. दोन कपाटांना मात्र दारांऐवजी खोल ड्रॉवर, तुझ्या ट्रॉल्यांसारखे. डाळीचा डबा काढायला गुडघे टेकून आत डोकं घालायचा मला कंटाळा आलाय.

सिंक आणि गॅस जागच्या जागी राहणार. सिंक हलवलं की सांडपाण्याचा पाइप हलला, त्याला उतार द्यायचा म्हणजे फरशी फोडा. तुझ्या जावयाला मधोमध ओटा हवा होता. खोली पावणेतीन मीटर रुंद! मी जमिनीवर चिकटपट्टीने ओट्याचा आकार आखून दिला आणि ओव्हनचं दार उघडून दाखवलं. विषय संपला.

सगळ्यात जास्त जीव अडकलाय तो चिमणीत. आत्ता आहे ती हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडते. पास्ता उकळणाऱ्यांना तेवढं पुरत असेल. आपल्याकडे मोहरी तडतडून मिरची पडली की जिन्यावरचा धुराचा अलार्म बोंबलतो, आणि वरच्या खोलीतल्या कोटांना आठवडाभर हिंगाचा वास. इथल्या बांधकामाच्या नियमांत शेगडीवरच्या पंख्याने सेकंदाला निदान ३० लिटर हवा बाहेर फेकावी असं आहे, पण ते किमान. फोडणीला त्याहून बराच दमदार लागतो. गॅस बाहेरच्या भिंतीलाच आहे म्हणून आपलं नशीब. भिंतीला भोक पाडून १५० मिलिमीटरचा पाइप सरळ बाहेर काढता येतो. पाइप अरुंद किंवा वळणावळणाचा झाला की पंखा नुसता आवाज करतो. महागडी चिमणी घेऊन तिला बारीक पाइप जोडलेली घरं मी इथे पाहिली आहेत.

गॅस ठेवतोय, फुलक्यांसाठी. पण भिंत उघडी आहे तोवर इंडक्शनसाठी जाड वायर टाकून ठेवायची. उद्या बदलायचं झालं तर पुन्हा टाइल्स फोडायला नकोत. गॅसला हात लावणारा माणूस इथे कायद्याने ‘गॅस सेफ’ नोंदणीवाला लागतो. विजेची नवी लाइन ओढायची तरी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन, नाहीतर पालिकेला आधी कळवा. त्यामुळे तिथे घासाघीस नाही. जुनी दारं उतरवणं आणि रंग देणं घरच्या घरी.

जमिनीचं थोडं थांबलंय. वरच्या व्हिनाइलखाली जुन्या चौकोनी लाद्या निघाल्या. ॲसबेस्टॉस म्हणजे ते तंतूंचं खनिज, फोडलं की धूळ फुप्फुसांना घातक. इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या लाद्यांत आणि त्यांच्या काळ्या डांबरी गोंदात ते असू शकतं. नमुना तपासायला दिलाय. असलं तरी लाद्या धड आहेत तोवर न फोडता वरून नवी फ्लोअरिंग घालता येते, म्हणून घाबरू नकोस.

ओट्याला क्वार्ट्झ घे असं ताई म्हणते. मला नको. तो दगडाची भुकटी रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थाने जोडून केलेला कृत्रिम दगड, गरम कुकर थेट टेकवला तर डाग पडतो किंवा तडकतो. शिवाय तो कापणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपल्या कडप्प्याला तोड नाही, पण तो इथे कुठून आणू? साधं लॅमिनेट घेतोय, गडद ठिपक्यांचं, म्हणजे हळदीचे डाग दिसणार नाहीत.

आता तुझ्याकडे एक काम आहे. इथले ओटे छत्तीस इंच उंच असतात. मागच्या वेळी तू पायाखाली स्टूल घेऊन पोळ्या लाटल्यास आणि रात्री खांद्याला बाम चोळत बसलीस, ते लक्षात आहे. ओटा खाली घेता येत नाही, कारण त्याच्याखाली वॉशिंग मशीन असतं (हो, किचनमध्येच, नाक मुरडू नकोस) आणि तेच ८५ सेंटिमीटर उंच. म्हणून खिडकीशी पोळ्यांसाठी वेगळं टेबल करतोय. जुन्या बाजारात जाड लाकडाचं मिळालंय, पाय कापून हवं तेवढं बसकं करता येईल. चप्पल काढून ताठ उभी राहा, हात कोपरात वाकव आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप बाबांना टेपने घ्यायला सांग. लाटायला जोर द्यायचा तर पृष्ठभाग कोपराच्या चारसहा इंच खाली असलेला बरा. तुझ्या ओट्याची उंचीही मोजून कळव, आणि त्यावर लाटताना पाठ दुखते का तेही खरं सांग.

पुढच्या रविवारी टेबल कापायचं आहे, त्याआधी मापं पाठव. बाबांनी अंदाजे सांगितलेली चालणार नाहीत.

तुझी,
धाकटी